मोबाइल अ‍ॅपसाठी लॉगिंग लायब्ररीची निवड

लॉगिंग लायब्ररी म्हणजे अ‍ॅप चालू असताना घडणाऱ्या घटनांची कालक्रमानुसार नोंद ठेवण्यासाठी विकासक वापरतात ती तयार आज्ञावली होय. अ‍ॅप केव्हा उघडले, सर्व्हरला कोणती विनंती गेली, उत्तर यायला किती वेळ लागला, कोणत्या टप्प्यावर त्रुटी आली, अशा बाबी या नोंदींत येतात. सर्व्हरवरील आज्ञावली विकासकाच्या ताब्यातील यंत्रावर चालते. मोबाइल अ‍ॅप मात्र वापरकर्त्याच्या हातातील फोनवर चालते आणि तेथे काय बिघडले हे विकासकाला प्रत्यक्ष पाहता येत नाही. त्यामुळे बिघाडाचे कारण शोधताना ही नोंद बहुधा एकमेव पुरावा असते. हीच नोंद निष्काळजीपणे ठेवल्यास वापरकर्त्याचा दूरध्वनी क्रमांक, ठावठिकाणा किंवा परवलीचा शब्द उघड होण्याचा मार्गही ठरू शकते. म्हणून लायब्ररी निवडताना सोयींच्या यादीआधी चार प्रश्नांची उत्तरे ठरवावी लागतात: काय नोंदवायचे, ते कोठे साठवायचे, कोणी वाचायचे आणि केव्हा पुसायचे.

## संज्ञा

‘लॉग’ या इंग्रजी शब्दाचा मूळ अर्थ लाकडाचा ओंडका. शिडाच्या जहाजांवर दोरीला बांधलेला लाकडाचा तुकडा पाण्यात टाकून जहाजाचा वेग मोजत असत आणि ते माप ज्या वहीत लिहीत, तिला ‘लॉगबुक’ म्हणत. पुढे कोणत्याही कालक्रमी नोंदीला हा शब्द रूढ झाला आणि संगणकशास्त्राने तो तसाच उचलला. मराठीत या अर्थाच्या जवळ जाणारे ‘रोजनामा’, ‘रोजकीर्द’ आणि ‘नोंदवही’ हे शब्द आहेत. या लेखात एका ओळीच्या नोंदीस ‘नोंद’ आणि नोंदींच्या संचास ‘लॉग’ म्हटले आहे.

लॉगचे एक जुने आणि परिचित उदाहरण रेल्वेत आढळते. स्थानकावर गाडीच्या येण्या-जाण्याच्या वेळा आणि सिग्नलसंबंधीचे संदेश एका नोंदवहीत क्रमाने लिहिले जातात. त्या वहीत खाडाखोड करत नाहीत. चुकलेली नोंद वाचता येईल अशी रेघ मारून तिच्यापुढे दुरुस्ती लिहितात. नोंद घटनेच्या वेळीच करावी, क्रम मोडू नये आणि मागील नोंद पुसू नये, हे तिन्ही नियम संगणकीय लॉगलाही लागू पडतात.

## पार्श्वभूमी

संगणकीय नोंदींची एकसारखी पद्धत १९८० च्या दशकात ‘सिसलॉग’मुळे रूढ झाली. एरिक ऑलमन यांनी ‘सेंडमेल’ या टपाल आज्ञावलीच्या कामात ती विकसित केली. तीत नोंदींच्या गांभीर्याच्या ० ते ७ अशा आठ पातळ्या होत्या. जावा भाषेसाठी चेकी ग्युल्चू यांनी सुरू केलेल्या ‘लॉग४जे’ने नोंद लिहिणारा भाग आणि ती साठवणारा भाग वेगळे केले. ‘एसएलएफ४जे’ आणि ‘लॉगबॅक’ हे प्रकल्पही ग्युल्चू यांचेच. आजच्या बहुतेक मोबाइल लायब्ररींची रचना या परंपरेतून आली आहे.

### ठाणे व कल्याण-डोंबिवली परिसर

हा परिसर मोबाइल अ‍ॅपच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा आहे. १ ऑक्टोबर १९८३ रोजी स्थापन झालेली कल्याण-डोंबिवली महानगरपालिका ही राज्यात नागरी सेवांचे संगणकीकरण सर्वांत आधी हाती घेणाऱ्या महापालिकांपैकी एक आहे. तिच्या ई-प्रशासनाचा नमुना पुढे राज्यातील इतर नागरी स्वराज्य संस्थांसाठी स्वीकारण्यात आला. ठाणे महानगरपालिकेने तेल अवीव शहराच्या धर्तीवर २०१८ मध्ये ‘डिजिठाणे’ हा उपक्रम सुरू केला. मुंबई उपनगरी रेल्वेवर अनारक्षित तिकीट मोबाइलवरून काढण्याची ‘यूटीएस’ ही सोय डिसेंबर २०१४ मध्ये आली.

अशा अ‍ॅपचा वापरकर्ता बहुधा चालत्या गाडीत किंवा गर्दीच्या फलाटावर असतो. त्याचा फोन एका टॉवरकडून दुसऱ्याकडे जात असतो. लांब पल्ल्याच्या गाडीने ठाणे सोडल्यावर लागणाऱ्या, १९१६ साली खुल्या झालेल्या आणि सुमारे १.३ किलोमीटर लांबीच्या पारसिक बोगद्यात जोडणी काही काळ तुटू शकते. फोनची भाषा मराठी असते आणि साठवणीची जागा अनेकदा अपुरी असते. कार्यालयातील वायफायवर उत्तम चाललेले अ‍ॅप या परिस्थितीत वेगळे वागते. अशा वेळी काय घडले हे सांगणारी लायब्ररी निवडताना हीच परिस्थिती कसोटी म्हणून धरावी लागते.

## नोंदींच्या पातळ्या

प्रत्येक नोंदीला गांभीर्याची पातळी असते. अँड्रॉइडमध्ये तपशीलवार, डीबग, माहिती, इशारा, त्रुटी आणि ‘असर्ट’ अशा सहा पातळ्या आहेत. अ‍ॅपलच्या प्रणालीत डीबग, माहिती, सामान्य, त्रुटी आणि ‘फॉल्ट’ अशा पाच आहेत. अ‍ॅपलच्या प्रणालीत डीबग नोंदी एरवी डिस्कवर लिहिल्या जात नाहीत, माहितीच्या नोंदी स्मृतीतच राहतात आणि त्यापुढील पातळ्यांच्या नोंदी डिस्कवर साठवल्या जातात.

पातळी ठरवताना ‘ही नोंद वाचून कोणाला काही कृती करावी लागेल का’ असे विचारणे उपयुक्त असते. जोडणी तुटल्यामुळे विनंती अपयशी झाली आणि दुसऱ्या प्रयत्नात यशस्वी झाली, तर तो इशारा आहे. पैसे कापले गेले पण तिकीट तयार झाले नाही, ही त्रुटी आहे. दोन्हींना त्रुटी म्हटल्यास दररोज हजारो नोंदींत खरी त्रुटी बुडून जाते.

## लायब्ररीची रचना

लॉगिंग लायब्ररीचे साधारणपणे तीन भाग असतात.

* दर्शनी भाग: अ‍ॅपच्या आज्ञावलीत ठिकठिकाणी वापरले जाणारे आवाहन. विकासकाचा रोजचा संबंध याच भागाशी येतो.
* मांडणी: नोंदीत वेळ, पातळी, थ्रेड, विभागाचे नाव आणि संदेश यांची जोडणी करणारा भाग.
* पोहोच: नोंद कोठे जाईल ते ठरवणारा भाग. उदाहरणार्थ फोनचा प्रणाली-लॉग, अ‍ॅपच्या खाजगी जागेतील फाइल किंवा दूरचा सर्व्हर.

दर्शनी भाग आणि पोहोच वेगळे असतील तर पुढे लायब्ररी बदलणे सोपे जाते. मोठ्या अ‍ॅपमध्ये नोंद करणारी आवाहने हजारो ठिकाणी विखुरलेली असतात. ती एखाद्या लायब्ररीला थेट जोडल्यास ती लायब्ररी बंद पडल्यावर प्रत्येक ठिकाणी बदल करावा लागतो. त्यामुळे अ‍ॅपमध्ये स्वतःचा लहानसा दर्शनी भाग लिहून त्यामागे लायब्ररी ठेवण्याची पद्धत रूढ आहे. असे आवरण असल्यास आजची निवड उद्या फिरवता येते. चाचण्यांमध्ये खऱ्या पोहोचेऐवजी नोंदी स्मृतीत गोळा करून तपासणेही त्यामुळे शक्य होते.

## उपलब्ध पर्याय

### अँड्रॉइड

अँड्रॉइडमध्ये ‘लॉग’ हा वर्ग अंगभूत असतो. त्याच्या नोंदी ‘लॉगकॅट’ या वर्तुळाकार साठ्यात जातात. साठा भरला की सर्वांत जुन्या नोंदी आपोआप पुसल्या जातात. फोन विकासकाच्या संगणकाला जोडलेला असेपर्यंत ही व्यवस्था पुरते. अ‍ॅप लोकांच्या फोनवर गेले की या साठ्यापर्यंत विकासकाचा हात पोहोचत नाही.

जेक व्हार्टन यांची ‘टिंबर’ ही अंगभूत वर्गावरील छोटी मुक्तस्रोत लायब्ररी आहे. नोंद जेथे जायची त्या प्रत्येक पोहोचेला तीत ‘झाड’ म्हणतात आणि अ‍ॅप सुरू होताना हवी ती झाडे ‘लावली’ जातात. एकही झाड लावले नाही तर नोंद कोठेही जात नाही. चाचणी आवृत्तीत एक झाड आणि प्रकाशित आवृत्तीत दुसरे, अशी योजना त्यामुळे सुलभ होते. चाचणीच्या झाडात वर्गाचे नाव नोंदीला आपोआप जोडले जाते. फाइलमध्ये साठवण्याची सोय टिंबरमध्ये नसते, ती वेगळी लिहावी लागते. जावाच्या जगातून आलेल्यांसाठी एसएलएफ४जे आणि लॉगबॅकची अँड्रॉइडसाठी केलेली आवृत्ती उपलब्ध आहे. तीत फाइल-पालटाची सोय आहे, पण तिची जडणघडण टिंबरपेक्षा जड आहे.

### आयओएस

अ‍ॅपलने २०१६ मध्ये आयओएस १० सोबत ‘एकीकृत लॉगिंग’ आणले आणि २०२० मध्ये आयओएस १४ सोबत स्विफ्ट भाषेसाठी ‘लॉगर’ दिला. या व्यवस्थेत चालू अ‍ॅपमधून नोंदीत भरला जाणारा मजकूर मूलतः खाजगी मानला जातो आणि वाचणाऱ्याला त्याच्या जागी केवळ ‘खाजगी’ अशी खूण दिसते. मजकूर उघड करायचा असल्यास विकासकाला तसे स्पष्ट लिहावे लागते. अँड्रॉइडच्या अंगभूत वर्गात असा भेद नाही. तेथे जे लिहिले ते जसेच्या तसे नोंदले जाते.

‘कोकोआलंबरजॅक’ ही जुनी आणि दीर्घकाळ वापरात असलेली लायब्ररी आहे. फाइलमध्ये नोंद आणि ठरावीक आकारानंतर नवी फाइल, या तिच्या मुख्य सोयी आहेत. ‘स्विफ्ट-लॉग’ हा अ‍ॅपलने २०१९ मध्ये खुला केलेला दर्शनी भाग प्रामुख्याने सर्व्हरवरील स्विफ्टसाठी वापरला जातो.

### बहुमंचीय अ‍ॅप

एकाच आज्ञावलीतून दोन्ही मंचांसाठी अ‍ॅप तयार करताना दोन्हीकडे सारखीच वागणारी लायब्ररी लागते. फ्लटरसाठी डार्ट संघाचे ‘लॉगिंग’ हे पॅकेज दर्शनी भाग पुरवते आणि पोहोच विकासकाने जोडायची असते. कोटलिन मल्टिप्लॅटफॉर्मसाठी ‘केरमिट’ आणि ‘नेपियर’ हे पर्याय आहेत. रिअ‍ॅक्ट नेटिव्हमध्ये जावास्क्रिप्टच्या ‘कन्सोल’ची आवाहने सर्रास वापरली जातात आणि प्रकाशित आवृत्ती बनवताना ती काढून टाकणारे साधन वेगळे जोडावे लागते.

### क्रॅश-अहवाल सेवा

‘फायरबेस क्रॅशलिटिक्स’ आणि ‘सेंट्री’ या सेवा लॉगिंग लायब्ररींना पूरक आहेत. अ‍ॅप कोसळले की त्याआधीच्या काही नोंदी त्या अहवालासोबत पाठवतात. क्रॅशलिटिक्स एका सत्रासाठी ६४ किलोबाइटपर्यंत नोंदी ठेवते आणि मर्यादा ओलांडल्यास जुन्या नोंदी गळतात. सेंट्री एरवी शेवटच्या १०० पाऊलखुणा ठेवते. अ‍ॅप न कोसळता चुकीचे वागले, तर केवळ या सेवांवर विसंबणाऱ्याच्या हाती फारसे काही लागत नाही.

### तुलना

| पर्याय | मंच | स्वतःहून फाइलमध्ये साठवण | विशेष |
|---|---|---|---|
| अंगभूत लॉग वर्ग | अँड्रॉइड | नाही | कोणतेही अवलंबन नाही |
| टिंबर | अँड्रॉइड | नाही | आवृत्तीनुसार पोहोच बदलणे सोपे |
| लॉगबॅकची अँड्रॉइड आवृत्ती | अँड्रॉइड | होय | विस्तृत मांडणी, जड जडणघडण |
| एकीकृत लॉगिंग | आयओएस | प्रणालीच्या साठ्यात | मजकूर मूलतः खाजगी |
| कोकोआलंबरजॅक | आयओएस | होय | फाइल-पालट |
| केरमिट, नेपियर | बहुमंचीय | वेगळी जोडणी | कोटलिनमधील सामायिक आज्ञावलीसाठी |
| एक्सलॉग | दोन्ही | होय | स्मृती-जोडलेली फाइल |

## निवडीचे निकष

### प्रकाशित आवृत्तीतील वर्तन

विकासाच्या काळात उपयोगी पडणाऱ्या तपशीलवार नोंदी लोकांच्या फोनवर जाऊ नयेत, हा पहिला निकष आहे. अँड्रॉइडमध्ये आज्ञावली आक्रसणारे ‘आर८’ हे साधन नियम दिल्यास अशी आवाहने काढून टाकते. मात्र आवाहनाला देण्यासाठी जोडलेला मजकूर तयार करण्याची क्रिया काही वेळा मागे उरते. त्यामुळे नोंद लिहिली जाणार असेल तेव्हाच मजकूर तयार करणारी लायब्ररी श्रेयस्कर ठरते.

### कार्यक्षमता आणि टिकाऊपणा

पडदा रंगवणाऱ्या मुख्य थ्रेडवरूनच फाइल लिहिली गेली तर अ‍ॅप अडखळते. म्हणून बहुतेक लायब्ररी नोंदी रांगेत घेऊन दुसऱ्या थ्रेडवरून लिहितात. यात एक अंतर्विरोध आहे. अ‍ॅप अचानक कोसळल्यास रांगेतील न लिहिलेल्या नोंदी नष्ट होतात आणि नेमक्या त्याच सर्वांत हव्या असतात. टेन्सेंटच्या ‘मार्स’ प्रकल्पातील ‘एक्सलॉग’ने यासाठी स्मृतीशी जोडलेली फाइल वापरली आहे. तीत नोंद स्मृतीत लिहिण्याच्या वेगाने लिहिली जाते आणि अ‍ॅप कोसळले तरी ती फाइलपर्यंत पोहोचवण्याचे काम संचालन प्रणाली करते.

साठवणीचा हिशेब आधीच मांडावा लागतो. कल्याणहून मुंबईच्या तासाभराच्या प्रवासात एखादे अ‍ॅप दर सेकंदाला २०० बाइटची एक नोंद करत असेल, तर ३,६०० नोंदींचे ७ लाख २० हजार बाइट होतात. येता-जाता हे माप दुप्पट होते आणि महिन्याच्या २५ दिवसांत ३६ मेगाबाइटवर जाते. फाइल-पालट नसलेली व्यवस्था फोनची जागा हळूहळू खात राहते. प्रत्येकी १ मेगाबाइटच्या पाच फाइल ठेवून सर्वांत जुनी पुसत राहिल्यास साठा ५ मेगाबाइटच्या पुढे जात नाही.

### जोडणी तुटल्यावरचे वर्तन

नोंदी सर्व्हरला पाठवणाऱ्या लायब्ररीची खरी परीक्षा जोडणी नसताना होते. नोंदी फोनवर थांबवून नंतर गठ्ठ्याने पाठवणे, प्रत्येक अपयशानंतर पुढच्या प्रयत्नातील अंतर वाढवणे आणि वायफायची वाट पाहण्याची मुभा असणे, या तीन गोष्टी तपासाव्यात. जोडणी परतताच हजारो फोन एकाच क्षणी नोंदी पाठवू लागले तर सर्व्हरवर ताण येतो. म्हणून प्रयत्नांच्या वेळेत थोडी यादृच्छिकता ठेवतात.

नोंदींची वेळ हा याच्याशी जोडलेला प्रश्न आहे. वेळ जागतिक प्रमाणवेळेत ठेवणे इष्ट असते. भारतीय प्रमाणवेळ तिच्यापेक्षा साडेपाच तास पुढे असल्याने रात्री १२:१० ची घटना लॉगमध्ये आदल्या दिवशीच्या १८:४० ला दिसते. शेवटच्या लोकलच्या प्रवाशाची तक्रार शोधताना ही बाब लक्षात न घेतल्यास भलत्याच तारखेच्या नोंदी चाळल्या जातात. फोनचे घड्याळ वापरकर्त्याला बदलता येते, त्यामुळे कालावधी मोजण्यासाठी फोन सुरू झाल्यापासूनचा अखंड काळ वापरतात.

### मराठी मजकूर आणि अंक

देवनागरीतील नोंदींचे काही प्रश्न रोमन लिपीतील नोंदींना पडत नाहीत आणि परदेशी लायब्ररींच्या परिचयपत्रांत त्यांचा उल्लेख क्वचितच असतो.

* आकार: यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते. ‘डोंबिवली’ या शब्दात अक्षरे, मात्रा, वेलांट्या आणि अनुस्वार मिळून ८ चिन्हे आहेत, म्हणून तो २४ बाइटचा होतो. रोमन लिपीत तेच नाव ८ बाइटमध्ये मावते.
* तुटणाऱ्या नोंदी: अँड्रॉइडमध्ये एका नोंदीची मर्यादा सुमारे ४ हजार बाइट आहे. टिंबरचे चाचणी-झाड लांब संदेशाचे ४,००० चिन्हांचे तुकडे करते. रोमन मजकुरासाठी ते पुरेसे आहे, पण ४,००० देवनागरी चिन्हांचे १२ हजार बाइट होत असल्याने तुकड्याचा मोठा भाग गळून जातो. मराठी मजकुरासाठी तुकडा सुमारे १,३०० चिन्हांचा ठेवावा लागतो.
* अंक: फोनची भाषा मराठी असल्यास जावा व कोटलिनची मजकूर-मांडणी आकडे देवनागरीत लिहू शकते. मग ‘त्रुटी ५०४’ ही नोंद रोमन अंकांनी शोधणाऱ्याला सापडत नाही आणि वेळ वाचणारी आज्ञावली अडते. यावर उपाय म्हणजे नोंदींसाठी फोनची भाषा न वापरता तटस्थ स्थानिकता ठरवून देणे.
* एकाच शब्दाची अनेक रूपे: ‘ॲ’ हे एकसंध चिन्ह म्हणूनही लिहिता येते आणि ‘अ’ला चंद्र जोडूनही. दिसायला दोन्ही सारखी असली तरी संगणकाला ती भिन्न वाटतात आणि युनिकोडच्या सामान्यीकरणानेही एक होत नाहीत. ‘दऱ्या’, ‘सुऱ्या’ यांतील अर्ध्या ‘र’चीही हीच अडचण आहे.

या कारणांमुळे नोंदीत वापरकर्त्याला दाखवलेला मराठी संदेश न लिहिता त्याचा ठरलेला सांकेतिक क्रमांक लिहिणे सोयीचे असते. स्थानकाच्या नावाऐवजी रेल्वेचा स्थानक-संकेत वापरल्यास शुद्धलेखनातील फरकांचा प्रश्नच उद्भवत नाही.

### परवाना, देखभाल आणि अवलंबने

मुक्तस्रोत लायब्ररीचा परवाना अ‍ॅपच्या वितरणाशी जुळतो का, ते पाहावे. टिंबर अपाचे २.० परवान्याखाली आणि कोकोआलंबरजॅक बीएसडी परवान्याखाली उपलब्ध आहे. दोन्ही परवाने व्यावसायिक वापरास मुभा देतात. प्रकल्पाच्या अलीकडील प्रकाशनाची तारीख, अनुत्तरित तक्रारींची संख्या आणि सोबत येणाऱ्या इतर लायब्ररी यांवरून देखभालीचा अंदाज येतो. लहान लायब्ररी पूर्ण झाल्यामुळेही तिचे प्रकाशन थांबलेले असू शकते. त्यामुळे केवळ तारखेवरून निष्कर्ष काढू नये.

सोयींचा अतिरेक धोकादायक ठरल्याचे ठळक उदाहरण डिसेंबर २०२१ मध्ये समोर आले. लॉग४जेच्या दुसऱ्या पिढीत नोंदीच्या मजकुरातील विशिष्ट खुणा पाहून बाहेरील ठिकाणाहून माहिती आणण्याची सोय होती. तिचा गैरफायदा घेऊन सर्व्हरवर हवी ती आज्ञावली चालवता येत असे. ‘लॉग४शेल’ नावाने ओळखल्या गेलेल्या या दोषाला तीव्रतेचे १० पैकी १० गुण मिळाले. त्यासाठी लागणारा जावाचा भाग अँड्रॉइडमध्ये नसल्याने मोबाइल अ‍ॅप थेट बाधित झाली नाहीत, पण त्यांच्यामागील अनेक सर्व्हर झाले. नोंद करणाऱ्या लायब्ररीने नोंदीचा मजकूर आज्ञा म्हणून वाचू नये, हा त्यातील बोध आहे.

## गोपनीयता आणि कायदा

लॉगमधून गळती होणे ही काल्पनिक भीती नाही. मे २०१८ मध्ये ट्विटरने आपल्या अंतर्गत लॉगमध्ये परवलीचे शब्द उघड्या स्वरूपात नोंदले गेल्याचे जाहीर केले आणि ३३ कोटींहून अधिक वापरकर्त्यांना ते बदलण्याचा सल्ला दिला. परवलीचा शब्द कूटरूपात साठवण्याची व्यवस्था तेथे होती, पण त्याआधीच्या टप्प्यावर तो लॉगमध्ये उतरत होता.

अँड्रॉइडच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत परवानगी घेतलेले कोणतेही अ‍ॅप इतर अ‍ॅपच्या नोंदी वाचू शकत असे. २०१२ मधील ४.१ या आवृत्तीपासून ही मुभा सामान्य अ‍ॅपकडून काढून घेण्यात आली. २०२२ मधील आवृत्ती १३ पासून फोनच्या सर्व नोंदी वाचू पाहणाऱ्या अ‍ॅपला वापरकर्त्याची प्रत्येक वेळी संमती घ्यावी लागते.

भारतात या विषयाशी दोन तरतुदींचा संबंध येतो. सर्ट-इन या केंद्रीय संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सेवा पुरवठादार, कंपन्या आणि शासकीय संस्थांनी आपल्या संगणक प्रणालींचे लॉग १८० दिवस भारताच्या अधिकारक्षेत्रात जपून ठेवावयाचे आहेत आणि सायबर घटना ६ तासांत कळवावयाची आहे. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम, २०२३ नुसार वैयक्तिक विद्याच्या सुरक्षेत कसूर झाल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून त्यांची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने व्हावयाची आहे. पहिली तरतूद लॉग जपण्यास सांगते, तर दुसरी वैयक्तिक विदा गरजेपुरताच आणि सुरक्षित ठेवण्यास सांगते. लॉगमध्ये वैयक्तिक विदा मुळात येऊच दिला नाही तर दोन्हींचे पालन सोपे होते.

क्रमांक झाकण्याच्या पद्धतीही तपासून घ्याव्या लागतात. भारतीय मोबाइल क्रमांक १० अंकी असून ६ ते ९ पैकी एका अंकाने सुरू होतो. म्हणजे एकूण शक्यता ४०० कोटी. क्रमांकाचे साधे हॅश रूप नोंदवले तरी या सर्व शक्यता संगणकावर करून पाहून मूळ क्रमांक काढता येतो. म्हणून त्याऐवजी सत्रापुरता यादृच्छिक ओळखक्रमांक वापरतात. अक्षांश-रेखांश नोंदवणे अपरिहार्य असल्यास दशांश स्थळे कमी करतात. दोन दशांश स्थळे ठेवल्यास ठिकाण सुमारे १.१ किलोमीटरपर्यंत धूसर होते आणि घर ओळखता येत नाही.

## निवडीचे उदाहरण

एखाद्या शहरातील रहिवाशांना रस्त्यावरील खड्डा किंवा बंद पथदिवा यांची तक्रार छायाचित्रासह नोंदवू देणारे काल्पनिक अ‍ॅप घेतल्यास निवडीची प्रक्रिया पुढीलप्रमाणे होते.

1. प्रश्न ठरवणे: ‘तक्रार पाठवली, पण पोहोचली नाही’ ही वापरकर्त्याची अपेक्षित कैफियत. तिचे उत्तर देण्यासाठी छायाचित्राचा आकार, जोडणीचा प्रकार, प्रयत्नांची संख्या, सर्व्हरचा प्रतिसाद-क्रमांक आणि लागलेला वेळ एवढी माहिती पुरते.
2. वर्ज्य यादी करणे: नाव, मोबाइल क्रमांक, पत्ता, एकवेळ परवलीचा अंक, प्रवेश-टोकन आणि छायाचित्राचा मजकूर लॉगमध्ये येणार नाही, हे लिहून ठेवले जाते. ही यादी दर्शनी आवरणातच अमलात आणली की प्रत्येक विकासकाच्या स्मरणशक्तीवर विसंबावे लागत नाही.
3. मंच पाहणे: अ‍ॅप केवळ अँड्रॉइडवर असेल तर टिंबर आणि मर्यादित आकाराच्या फाइलचे स्वतंत्र झाड पुरेसे आहे. दोन्ही मंचांवर एकच कोटलिन आज्ञावली असेल तर केरमिट किंवा नेपियर अधिक सयुक्तिक ठरते.
4. पाठवण्याची वेळ ठरवणे: नोंदी सतत न पाठवता वापरकर्त्याने ‘अडचण कळवा’ हे बटण दाबल्यावर, काय पाठवले जाणार ते दाखवून पाठवता येतात. यामुळे संमती स्पष्ट राहते आणि विद्याचा खर्चही वाचतो.
5. पुसण्याची मुदत ठरवणे: फोनवरील फाइल सात दिवसांनंतर पुसली जाते. सर्व्हरवर पोहोचलेल्या नोंदींना कायदेशीर मुदत लागू होते.
6. प्रत्यक्ष चाचणी: फोनची भाषा मराठी करून, विमान-स्थिती मध्येच चालू-बंद करून, साठवण जवळपास भरलेली असताना आणि अ‍ॅप मुद्दाम कोसळवून नोंदी शाबूत राहतात का, ते पाहिले जाते.

## मर्यादा

विद्यार्थ्यांच्या प्रकल्पाला किंवा एक-दोन पडद्यांच्या अ‍ॅपला बाहेरील लायब्ररीची बहुधा गरज नसते. अंगभूत व्यवस्था आणि तिच्यावरील काही ओळींचे आवरण तेथे पुरते. उलट, आर्थिक व्यवहारांची कायदेशीर नोंद केवळ फोनवरील लॉगवर सोपवता येत नाही, कारण तो वापरकर्ता केव्हाही पुसू शकतो. अशा नोंदी सर्व्हरवर स्वतंत्रपणे ठेवाव्या लागतात. अ‍ॅप लोक कसे वापरतात याचे विश्लेषण हाही वेगळा विषय असून त्यासाठी वेगळी संमती आणि वेगळी साधने लागतात. एकच लायब्ररी ही सर्व कामे करते असा दावा असल्यास ती नेमका कोणता विदा कोठे पाठवते, ते तपासणे अगत्याचे ठरते. गूगल प्ले आणि अ‍ॅप स्टोअर या दोन्ही ठिकाणी बाहेरील लायब्ररीने गोळा केलेल्या माहितीची घोषणा करण्याची जबाबदारी अ‍ॅपच्या विकासकावरच असते.

## हे सुद्धा पहा

* अँड्रॉइड
* आयओएस
* युनिकोड
* देवनागरी
* मुक्तस्रोत सॉफ्टवेअर
* कल्याण-डोंबिवली महानगरपालिका
* ठाणे महानगरपालिका
* मुंबई उपनगरी रेल्वे